नवलाख उंबरे, नवलाख वह्या

आमच्या गावाचं नाव नवलाख उंबरे. तळेगाव स्टेशनावर उतरायचं, इंद्रायणी ओलांडायची, आंबी मागे टाकायची, की एमआयडीसीच्या पत्र्याच्या शेडांच्या पलीकडे आमचं गाव लागतं. या नावाचा संबंध कुणी उंबरठ्यांशी लावतो, तर कुणी उंबराच्या झाडांशी. नऊ लाख उंबरे प्रत्यक्ष मोजायला कुणी गेल्याचं ऐकिवात नाही. मी बी.कॉम. आहे, बँकेत आकडेमोडीवरच पोट भरतो, पण फुकटात नऊ लाख मोजण्याइतका मीही खुळा नाही.

मात्र २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं आमच्या गावाच्या नावावर माझा पूर्ण विश्वास बसला होता. कारण त्या काळात मावळात जिथे म्हणून उंबरा होता, तिथे एक वही होती. कारखान्याच्या गेटावर वही. दवाखान्यात वही. मंगल कार्यालयात वही. सोसायटीच्या फाटकात वही. तळेगावात केस कापायला जावं, तर डोक्याआधी वही पुढे यायची. नाव, पत्ता, मोबाईल नंबर, तापमान, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, सही. एवढा तपशील आमच्या सासऱ्यांनी मुलगी देतानाही विचारला नव्हता.

मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचं आहे त्यांना बाह्या सरसावायला वेळ मिळेल. साथीत रोग्याच्या संपर्कातली माणसं शोधून काढणं हे पुण्याचं आणि शहाणपणाचं काम आहे. पण दारावरच्या वहीचा त्या कामाशी संबंध कीर्तनकाराच्या तुंबड्याचा कर्जवसुलीशी असावा तेवढाच होता. नोंद घेणं वेगळं आणि शोध घेणं वेगळं. आपण दोन वर्षं नोंद घेतली आणि शोध घेतल्याचं समाधान मानलं. पुढच्या साथीत हा खेळ पुन्हा होऊ नये, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम वहीकडे वळू. वहीला सुतळीने बांधलेलं एक बॉलपेन असायचं. (पेन बांधून ठेवण्याची कला समाजाने बँकेकडूनच उचलली, हे मी अभिमानाने नमूद करतो.) 'कोणत्याही वस्तूला हात लावू नका' अशी पाटी वर, आणि पाटीखाली हे पेन. दिवसभरात येणारा प्रत्येक माणूस ज्या एकाच वस्तूला हमखास हात लावायचा, ती वस्तू म्हणजे हे पेन. दुसऱ्या कशाने नसेल, तरी आपण कुणाला शिवलो नाही हे लिहून देताना माणूस सगळ्या गावाला शिवून जायचा.

पेनानंतर पिस्तूल. रखवालदार ते कपाळावर रोखायचा. मावळातली डिसेंबरची सकाळ, त्यात मी स्कूटरवरून वारा खात आलेला. पिस्तुलाने एकदा माझं तापमान ९१ दाखवलं. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मी संपल्यात जमा होतो. रखवालदार म्हणाला, "नार्मल हाय साहेब, जावा आत."

आता वहीतला मजकूर. बँकेत मंदीच्या वेळी (आमच्याकडे सर्व्हर बंद पडला की मंदी) मी आमच्या दारावरची वही चाळत असे. कॉमर्सच्या माणसाला कुठलीही वही दिसली की बेरीज घेऊन पाहावीशी वाटते. पहिल्या माणसाने तापमानाच्या रकान्यात ९७.४ लिहिलेलं. त्याखाली सोळा जणांनी 'किता'ची खूण केलेली. हेही समजू शकतो, गावाची हवा एक आहे. पण त्यातल्या तिघांनी मोबाईल नंबराखालीही किता केलेलं होतं. एकाचा नंबर नऊ आकडी, एकाचा अकरा आकडी; दोघांची सरासरी मात्र बरोबर दहा. पत्त्याच्या रकान्यात 'गावात'. येण्याची वेळ आणि जाण्याची वेळ दोन्ही येतानाच भरलेल्या. नावांमध्ये दोनदा अमिताभ बच्चन येऊन गेले होते. आमच्या शाखेत त्यांचं खातं नाही.

यात लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. शेजारच्या लोणावळ्याच्या हॉटेलांना विचारा. रजिस्टरात खरं नाव लिहिण्याची प्रथा तिथे पूर्वीही फारशी रुजलेली नव्हती. माणूस खरं नाव कुठे लिहितो? जिथे लिहिलेलं कुणीतरी वाचणार आहे, आणि वाचून काहीतरी करणार आहे, असं त्याला वाटतं तिथे.

म्हणून मी एकदा मॅनेजरसाहेबांना विचारलं, "साहेब, दारावरची वही कोण वाचतं?"

"वाचायची कशाला? ती ठेवायची."

"ठेवायची कशाला?"

"वरून विचारलं तर दाखवायला."

"वरून काय विचारतील?"

"वही ठेवली आहे का, असं विचारतील."

साहेबांची काही चूक नव्हती. त्यांच्या वरच्यालाही त्याच्या वरच्याने तेवढंच विचारलं असणार. बँकेत आम्ही एक गोष्ट पहिल्या आठवड्यात शिकतो. प्रत्येक नावेला कुठेतरी जमा असते. डाव्या बाजूला लिहिलं तर उजव्या बाजूला काहीतरी घडलंच पाहिजे. नाहीतर ताळा जमत नाही आणि कारकून रात्री घरी जात नाही. दारावरच्या वहीत लाखो नावं डावीकडे पडली. उजवी बाजू कोरी. ही वही जगातल्या कुठल्याही हिशेबनिसाने पास केली नसती. पण तिचा ताळा कुणी मागितलाच नाही.

इथे काही मंडळी म्हणतील, "अहो, पण काहीतरी करायला नको होतं का? निदान धाक तरी बसला." धाक बसला हे खरं. पण विषाणूला नाही, माणसांना. ज्याला कणकण होती तो वहीत ९७.४ लिहून आत गेला आणि ज्याला नव्हती तोही ९७.४ लिहूनच आत गेला. काहीतरी केल्याचं समाधान हे फार महाग पडणारं समाधान आहे. कारण ते मिळालं की करायचं ते करण्याची निकड उरत नाही.

करायचं ते काय होतं, याची उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. ९ मार्च २०२० ला पुण्यात महाराष्ट्रातले पहिले दोन रुग्ण सापडले. नवराबायको, दुबईच्या सहलीहून आलेले. मग त्यांना विचारलं गेलं: विमानात शेजारी कोण, घरी कोण, मुंबईहून पुण्याला कशाने आलात? त्यातून मुलगी सापडली, सहप्रवासी सापडला, टॅक्सीवाला सापडला. टॅक्सीवाल्याने गाडीच्या दारात वही ठेवली नव्हती. माणसाने माणसाला विचारलं, ऐकून घेतलं आणि मग तो चालत पुढच्या माणसाकडे गेला. धारावीचंही तसंच. १ एप्रिल २०२० ला तिथे पहिला रुग्ण मिळाला. अडीच चौरस किलोमीटरच्या आसपास जागा, त्यात लाखो माणसं. एका संडासावर कित्येक कुटुंबं. तिथे दारात वही ठेवायची म्हटली, तर ठेवायला दार तरी हवं! महापालिकेची माणसं आणि तिथलेच खाजगी डॉक्टर अंगावर तो प्लॅस्टिकचा पोशाख चढवून गल्लीबोळात शिरले. रोगी आपल्याकडे येण्याची वाट न पाहता त्याला गाठायचं, असा त्यांचा खाक्या होता. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेऊन कौतुक केलं. सुतळीच्या पेनाचं नाव त्यांनी घेतल्याचं माझ्या वाचनात नाही.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? आमच्या मावळातलीच गोष्ट सांगतो. २०२० साली तुळशीची लग्नं झाली आणि माणसांची सुरू झाली. अशाच एका लग्नाला कागदावर पन्नास जणांची परवानगी होती. कार्यालयाच्या दारातल्या वहीत एकोणपन्नास नावं होती, सगळी एकाच हस्ताक्षरात. (पन्नासावा लिहीत होता.) चार दिवसांनी नवरदेवाच्या मामांना ताप भरला आणि तपासणीत कोरोना निघाला. आशाताई आल्या. कार्यालयवाल्याने अदबीने वही पुढे केली. ताईंनी ती उघडलीसुद्धा नाही. त्या नवरदेवाच्या आईला म्हणाल्या, "आक्का, ती नको. आहेराची वही काढा."

वाचकहो, त्या क्षणी माझं मस्तक नम्र झालं. आहेराची वही! महाराष्ट्रातली एकमेव वही, जिच्यात कुणी खोटं नाव लिहीत नाही. कारण ५१ रुपये लिहिलेत तर पुढे ५१ फेडायचे आहेत. नाव, गाव, भावकी, रक्कम, सारं चोख. नावेला जमा आहे! त्या वहीत दोनशेबारा नावं निघाली. आशाताईंनी ती खाली उतरवून घेतली आणि तीन दिवस वाडीवस्तीवर फिरल्या. फोन लागला तिथे फोन, नाही लागला तिथे पाय. एका वाडीवर एक आजोबा ओट्यावर निवांत बसलेले, "मला काय झालंय? नुसती कड आलीया," म्हणाले. ताईंनी बोटाला यंत्र लावलं तर ऑक्सिजन ८६. तासाभरात त्यांना जीपमध्ये घातलं. आजोबा परत आले आणि पुढे कितीतरी दिवस दवाखान्यातल्या वरणाला मीठ नव्हतं म्हणून सांगत होते. दारावरच्या वहीच्या हिशेबाने ते त्या लग्नाला गेलेलेच नव्हते.

खेड्यात कुणी परका दिसला तर पारावरचा म्हातारा एकच प्रश्न विचारतो, "कुणाचा रं तू?" या एका प्रश्नात गाव, भावकी, सोयरीक आणि मुक्काम सगळं बाहेर येतं. संपर्कशोध यालाच म्हणतात. पण त्याला विचारणारा माणूस लागतो, त्याच्यावर विश्वास लागतो आणि त्याला पगार लागतो. यातलं तिसरं आपल्याला जड जातं. या कोरोनाच्या कामासाठी आशाताईंना केंद्राकडून महिन्याला १००० रुपये जादा मिळत होते. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशाताईंना मानधनासाठी संपावर जावं लागलं. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा सन्मान केला, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. थाळ्या आधीच वाजवून झाल्या होत्या. दोन्ही वाद्यं बिनखर्चाची.

बरं, उंबऱ्यावर येऊन माणसाचा शोध घेणं आपल्याला नवीनही नव्हतं. १८९७ साली पुण्यात प्लेग होता, तेव्हा रँडसाहेबाचे सोल्जर उंबरठे ओलांडून थेट घरात घुसत होते. शोध चालू होता, पण विश्वास नव्हता. लोक रोगी माळ्यावर लपवू लागले. पुढे २२ जूनला काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. चापेकरांचं चिंचवड आमच्या तळेगावाहून लोकलने चार-पाच स्टेशनांवर. त्याच वर्षी, त्याच प्लेगात, सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्याकडे चालत गेल्या आणि त्यातच १० मार्चला वारल्या. उंबऱ्यापाशी येण्याच्या या दोन तऱ्हा आहेत. त्याच १८९७ चा साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये आपल्या राज्याने पुन्हा लागू केला. कायदा सव्वाशे वर्षं जपून ठेवला. त्या वर्षीचा धडा तेवढा गहाळ झाला.

आता कुणी म्हणेल, वही जुनाट झाली, मोबाईलचं काय? २ एप्रिल २०२० ला 'आरोग्य सेतू' आला. तेरा दिवसांत पाच कोटी लोकांनी तो उतरवून घेतला म्हणे. आमच्या बँकेतही सगळ्यांनी घेतला, कारण घ्या असं परिपत्रक होतं. पुढे ऑक्टोबरात कुणीतरी माहितीच्या अधिकारात विचारलं, की हा सेतू बांधला कुणी? ज्या सरकारी खात्याचं नाव त्यावर छापलं होतं त्याच खात्याने कळवलं, आमच्याकडे माहिती नाही! केंद्रीय माहिती आयोगाने कान उपटल्यावर खुलासा झाला. रामाच्या सेतूला निदान नल-नीलांचं नाव तरी आहे.

तरी एक गोष्ट सेतूच्या बाजूने मान्य केली पाहिजे. माहिती किती दिवस ठेवायची याचा काहीतरी नियम मे २०२० मध्ये निघाला होता: १८० दिवस. पुढे संपर्क शोधण्याची सोय बंद केली आणि त्यासाठी जमवलेली माहिती पुसली, असं सरकारने संसदेत सांगितलं. म्हणजे यंत्राने निदान पाटी पुसली. कागदाच्या वह्यांचं काय झालं? बँकेतसुद्धा व्यवहाराचे कागद किमान किती वर्षं ठेवायचे, याचा नियम आहे. दारावरच्या वहीला जन्मतारीख होती, पण तेराव्याची सोय नव्हती.

तिचं काय झालं ते मी सांगतो. २०२२ च्या उन्हाळ्यात एका गाडीवर मी भेळ घेतली. भेळ संपता संपता कागदावर अक्षरं दिसू लागली. नाव, मोबाईल, ९७.१, सही. पुढच्या ओळीत एका बाईचं नाव, नंबर, आणि ती संध्याकाळी किती वाजता कुठे होती ती वेळ. चिंचेच्या पाण्याने फक्त सही पुसट झाली होती. कांदा-टोमॅटोइतक्याच सहज या बाईंचा फोन नंबर पाच माणसांच्या हातात गेला असणार. मला हसू आलं नाही.

कारण हे काही फक्त आपल्या रद्दीवाल्यामुळे होत नाही. न्यूझीलंडमध्ये मे २०२० मध्ये खाद्यपदार्थांच्या दुकानात एका तरुणीने साथीसाठी नाव-नंबर लिहून दिला, तर तिथल्या नोकराने त्याच नंबरावर तिला मैत्रीचे निरोप धाडले. सिंगापूरच्या सरकारने आधी सांगितलं, संपर्काची माहिती साथीसाठीच वापरू. जानेवारी २०२१ मध्ये कबूल केलं, की गुन्ह्याच्या तपासासाठी पोलिसांनाही ती घेता येते. जर्मनीत माइंत्सच्या पोलिसांनी एका मृत्यूच्या तपासात हॉटेलच्या हजेरीच्या ॲपमधून गिऱ्हाइकांची नावं मिळवली आणि जानेवारी २०२२ मध्ये ते बाहेर फुटलं. साथीसाठी दिलेलं नाव साथीपुरतं राहत नाही. उधार दिलेल्या छत्रीसारखं ते कुणाच्या तरी घरी राहून जातं.

आणि ती सवय? साथ गेली, सवय ठाण मांडून बसली. दीडशे रुपयांचा गंजी घ्यायला जा, "सर, मोबाईल नंबर?" गंजीला नंबर कशाला? "सिस्टीम घेत नाही सर." दुकानदारांनी नंबरासाठी अडून बसू नये, असं केंद्राच्या ग्राहक खात्याला मे २०२३ मध्ये मुद्दाम बजावावं लागलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा संसदेने केला. तो चांगलाच आहे. पण कायदा मागाहून येतो आणि वही दारात आधीच उघडी असते. ऑक्टोबर २०२० मध्ये हॉटेलं उघडली, तेव्हाच्या नियमावलीतही गिऱ्हाइकाची संमती घ्या असं होतं. संमती कशी घेतली जायची ते आपण सर्वांनी पाहिलं आहे: "साहेब, लिवा." झाली संमती.

तेव्हा माझी मागणी साधी आहे, कारकुनाला शोभेलशी. साथ पुन्हा येणार. शहाणे लोक तसं सांगतात आणि या बाबतीत त्यांचं चुकावं अशी माझी प्रार्थना आहे. पण आलीच, आणि कुणी उंबऱ्यावर वही पुढे केली, तर प्रत्येकाने पेनाला हात लावण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. ही कोण वाचणार? वाचून काय करणार? आणि कोणत्या तारखेला फाडणार? तिन्ही उत्तरं वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलेली असतील, तर मी माझं पूर्ण नाव, खरा नंबर आणि खरं तापमान लिहीन. हवं तर आजोबा-पणजोबांचंही नाव लिहीन. नसतील, तर ती वही, पेन, पिस्तूल आणि ते धरून उभं राहणारा माणूस या सगळ्यांवरचा खर्च एका ओळीत मांडावा, खाली रेघ ओढावी आणि आलेली बेरीज आशाताईंच्या खात्यात जमा करावी.

पावती मी फाडून देतो. ते काम मला येतं.